पहाटे आयजवळ कोण थांबणार?

ससून डॉकवर लिलाव पहाटेच सुरू होतो. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून ज्या बायका माल उचलायला जातात, त्या उजाडायच्या आत घराबाहेर पडतात. बाजार आटोपून परततात तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. पुरुष दर्यावर, पोरं शाळा-कॉलेजात. मधल्या सात-आठ तासांत घरी असते ती सत्तरी ओलांडलेली आय. तिचं तिला सगळं सुधरतंय तोवर काही अडत नाही. पण ती गॅस पेटता ठेवून विसरू लागली, स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणत कडी काढू लागली, की घराची घडी मोडते. मग एक तर सुनेचा धंदा बसतो, नाहीतर म्हातारीला आत ठेवून दाराला कुलूप लागतं.

अल्झायमर आणि एकूण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, यासाठी सरकारांनी काय करावं यावर जिनिव्हापासून दिल्लीपर्यंत भरपूर लिहिलं गेलंय. त्यातलं या गल्लीत काय पोहोचलं, ते पदरात कसं पाडून घ्यायचं आणि जे पोहोचलेलं नाही ते कुणाकडे मागायचं, एवढ्यापुरता हा लेख आहे.

आधी आवाका. देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सातांहून जास्त जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असंही त्यात म्हटलंय. प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्ये आणखी जास्त. मुंबईतली मोठी पाहणी त्याआधीची, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली. चोवीस हजारांवर माणसं तपासून तिने ६५ वर्षांपुढच्यांत सुमारे २.४ टक्के प्रमाण काढलं होतं. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे रोग तिप्पट वाढला असा अर्थ काढू नये. मात्र साठी-सत्तरी पार करणाऱ्यांची संख्या वाढतेय आणि त्यांच्यात कष्टकरी, कमी शिकलेल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. कोळीवाड्याला हे वेगळं सांगायला नको.

आता सरकारी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१७ मध्ये डिमेन्शियाचा जागतिक कृती आराखडा मंजूर केला. २०२५ पर्यंत तीन चतुर्थांश देशांकडे स्वतःचं धोरण असावं, असं त्यात ठरलं होतं. ते जमलं नाही, म्हणून मुदत २०३१ पर्यंत वाढवली गेली. अमेरिकेने २०११ मध्ये यासाठी कायदाच केला. जपानचा मूलभूत कायदा २०२३ चा. आपल्याकडे ‘एआरडीएसआय’ या १९९२ पासून काम करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सविस्तर धोरण लिहून दिलं. त्यातून स्वतंत्र राष्ट्रीय आराखडा काही उभा राहिला नाही. केरळने त्याची वाट न पाहता २०१४ मध्येच राज्याचा उपक्रम सुरू केला होता. कर्नाटकाने २०२२ मध्ये बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या साथीने मेंदू-आरोग्याचा कार्यक्रम हाती घेतला.

महाराष्ट्रात ज्येष्ठांचं धोरण आहे, मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आहे, अपंगांच्या योजना आहेत, आरोग्य विमा आहे. या आजारासाठी लागणारं बरंच काही या चार खात्यांत विखुरलंय आणि कुठल्याच खिडकीवर ते एकत्र मिळत नाही. ते गोळा करायचं काम घरच्यांवर पडतं. हा अन्याय आहे, पण आराखडा येईपर्यंत हात बांधून बसण्यात शहाणपण नाही.

या व्यवस्थेतला घराच्या सगळ्यात जवळ येणारा तुकडा म्हणजे एक छापील फॉर्म. ‘आयुष्मान भारत’च्या तपासणी मोहिमेत तीस वर्षांपुढच्या माणसांसाठी आशा किंवा आरोग्य सेविका एक प्रश्नावली भरून घेतात. सीबॅक तिचं नाव. तंबाखू, कमरेचा घेर, खोकला, न भरणारी जखम, असे प्रश्न विचारून झाले की साठीपुढच्यांसाठी काही ओळी येतात. त्यातली एक विचारते, जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का? सरकारी यंत्रणा दारात उभी राहून स्मरणाबद्दल विचारते ती इथेच. आणि बहुतेक घरांत तिथे ‘नाही’वर खूण होते. उत्तर देते उंबऱ्यात उभी असलेली घाईतली सून, आणि आय बाजूलाच बसून ऐकत असते. तिच्यादेखत ‘होय, विसरते’ म्हणायचं कसं? सेविकेलाही पुढची दहा घरं उरकायची असतात.

इथे भीड बाजूला ठेवावी. सेविकेला गल्लीत दोन पावलं पुढे नेऊन खरं काय ते सांगावं, ‘होय’वर खूण करायला लावावी आणि कुठे पाठवणार ते विचारून घ्यावं. कागदावर आकडा उमटला नाही तर वॉर्डात हा आजार नाहीच, असा अर्थ वरच्या कार्यालयात निघतो, आणि नसलेल्या आजारासाठी कुणी पैसे ठेवत नाही.

‘होय’ म्हणायचं कधी? नावं सगळेच विसरतात. चष्मा शोधणं हा आजार नव्हे. वर्षानुवर्षं जे हातात बसलेलं आहे ते सुटू लागलं की कान टवकारावेत. वाट्याचे पैसे तोंडी जोडणारी बाई. दोनशे अन् साठ, त्यात मागचे चाळीस, पाचशेच्या नोटेतून परत किती, हे तिने कधी बोटांवरसुद्धा मोजलं नाही. ती परत देताना दोनदा चुकते, गिऱ्हाईक भांडतं, आणि ती चूक झाकायला ‘तूच नोट दिली नाहीस’ म्हणून अंगावर जाते. कालवणात मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला ती ओळखत नाही. बांगडी कुणीतरी चोरली म्हणते आणि ती तांदळाच्या डब्यात सापडते. संध्याकाळ झाली की बेचैनी वाढते. यातलं दोन-तीन गोष्टींचं चित्र सहा महिने टिकून असेल आणि वाढतंय असं वाटत असेल, तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नये. बाहेरची बाधा म्हणून उतारे काढण्यातही महिने घालवू नयेत. अवघ्या दोन दिवसांत माणूस बरळू लागला असेल तर गोष्ट वेगळी. तो बहुधा ताप, लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा एखादं औषध यांचा परिणाम असतो. तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तपासणी करायची ती मुख्यतः यासाठी, की विसरण्याची काही कारणं बरी होतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि गरजेप्रमाणे मेंदूचा स्कॅन. पहिली पायरी जवळचा पालिका दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’. रक्तदाब, साखर आणि रक्ताच्या अनेक तपासण्या तिथे होतात. पुढे मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाशी जोडलेलं ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय हे ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या पहिल्या आठ प्रादेशिक केंद्रांपैकी एक. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय पालिकेचं, तिथे मेंदूविकार आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो कफ परेडपर्यंत आल्याने म्हाताऱ्या माणसाला घेऊन मुंबई सेंट्रलला जाणं पूर्वीइतकं जिकिरीचं उरलेलं नाही.

कधी जावं? १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी त्यासाठी बरी. पुरुष घरी असतात, एकाला दिवसभर ओपीडीच्या रांगेत उभं राहता येतं. पाऊस असतो हे खरं, पण सप्टेंबर उजाडला की कुणालाच सवड नसते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात आणि एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात. पहिली गोष्ट कधी लक्षात आली, काय काय चुकतं, पडली होती का, झोप कशी, घरात आणखी कुणाला हे झालं होतं का. डॉक्टरच्या हातात असलेल्या पाच मिनिटांत हा कागद फार उपयोगी पडतो.

तिथे होणाऱ्या प्रश्नोत्तरांबद्दल एक सावधगिरी. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचण्या शिकलेल्या माणसाला धरून बेतलेल्या आहेत. शंभरातून सात-सात वजा करा, ही आकृती उतरवून काढा, आजची तारीख सांगा. पेन्सिल कधी न धरलेल्या बाईला आकृती जमली नाही, यातून आजार सिद्ध होत नाही. आणि जिची तारीख भरती-ओहोटीच्या तिथीवर चालते तिला इंग्रजी तारीख न येणं यातही नवल नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आपल्या माणसांसाठी चाचण्यांचा संच तयार केला, तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्या पहिल्या पाचांत नव्हती. त्यामुळे ‘ही शाळेत गेलेली नाही, पण हिशेब तोंडपाठ होता आणि आता चुकतो’ हे डॉक्टरला घरच्यांनीच ठासून सांगावं.

निदान झालं तर औषधांकडून किती अपेक्षा ठेवायची? डोनेपेझिल, मेमँटीन यांसारख्या गोळ्या काहींना काही काळ आधार देतात. आजार उलटवत नाहीत. ‘महिन्याभरात स्मरणशक्ती परत’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर एक रुपया घालवू नये. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणून देणं तर टाळावंच. त्यांनी गोंधळ वाढतो, आणि रात्री उठून पडली की खुब्याचं हाड मोडतं.

प्रतिबंधाकडे सरकार उशिरा वळलं, पण वळलंय. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने बदलता येण्याजोगे १४ धोके मोजले आणि ते सगळे आवरले तर जगातल्या जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असं म्हटलं. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू न येणं, दिसायला कमी येणं, एकटेपणा, हवेचं प्रदूषण हे त्यातले काही. इंजिनाच्या आवाजात उमेद घालवलेल्या खलाशाचे कान साठीत गेले तर घरचे मोठ्याने बोलून वेळ मारून नेतात. ऐकण्याचं यंत्र घेणं ही चैन वाटते. त्यासाठीच ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ वापरावी. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर ३,००० रुपये एकदाच बँक खात्यात येतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी ते आहेत. ३,००० रुपयांत चांगलं श्रवणयंत्र येत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, पण चष्मा नक्की येतो. सुक्या मासळीचं मीठ रक्तदाबाला नडतं. बंदीच्या दिवसांत ताटात सुकंच जास्त असतं, तेव्हा त्या दोन महिन्यांत दाब मोजून घ्यावा.

पैशाच्या बाकीच्या वाटा थोडक्यात. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची. मात्र हे रुग्णालयात भरती झाल्यावर. घरी डायपर, सांभाळणारी बाई, रोजच्या गोळ्या यांचा खर्च यातून निघत नाही, आणि अल्झायमरचा खरा खर्च नेमका तोच. उत्पन्न अगदी तुटपुंजं असेल तर श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. उत्पन्नाची अट कडक आहे. मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला ओल्ड कस्टम हाऊसमध्ये आहे. चौकशी तिथे.

अपंगत्व प्रमाणपत्राची गंमत वेगळीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ अपंगत्वं मोजली. त्यात पार्किन्सनचं नाव आहे, डिमेन्शियाचं नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८०डीडीबी कलमाखालच्या नियमात मात्र मेंदूविकारांच्या यादीत डिमेन्शिया पहिल्याच क्रमांकावर. म्हणजे कर भरणाऱ्याच्या आईचा आजार सरकारला नावानिशी माहीत आहे, पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईचा नाही. तरीही अर्ज करावा. त्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरण आणि भान यांतला गंभीर बिघाड येतो, त्या आधारे मूल्यमापन मागता येतं. ‘यूडीआयडी’ या अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी ४० टक्के अपंगत्वाची मर्यादा महत्त्वाची, बऱ्याच सवलती तिथून सुरू होतात.

सगळ्यात घाईचं काम कागदांचं, आणि नेमकं तेच मागे राहतं. आईने मुलाच्या नावे दिलेलं मुखत्यारपत्र तिचं भान गेल्यावर कायद्याने टिकत नाही. भारतीय करार कायद्याचं २०१ वं कलम तसं सांगतं. भान गेलेल्या प्रौढ माणसासाठी पालक नेमायचा सोपा, सरळ कायदा आपल्याकडे नाही. शेवटी राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जावं लागतं. दार फोर्टातच असलं तरी वकिलाची फी फोर्टातलीच असते. म्हणून निदान झाल्यावर, आय अजून समजून-उमजून सही किंवा अंगठा देऊ शकते तोवर, खातं संयुक्त करणं, वारस नोंदवणं, होडीची आणि मच्छीमार सोसायटीतल्या शेअरची कागदपत्रं, घराचा पुरावा, इच्छापत्र उरकून घ्यावं. इच्छापत्राच्या वेळी ती शुद्धीत असल्याचं डॉक्टरचं पत्र सोबत ठेवावं, भावाभावांतली पुढची भांडणं टळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली एक सोय फार थोड्यांना माहीत आहे. साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. उपचारांबाबतचे निर्णय मग त्याला विचारून होतात. याला खर्च शून्य.

उलट बाजूही लक्षात असावी. या आजाराचा फायदा घेऊन अंगठा उठवून घेणारे बाहेरचेच असतात असं नाही. २००७ च्या ज्येष्ठांच्या निर्वाह कायद्याखाली, सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून घेऊन नंतर वाऱ्यावर सोडलं तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. ज्येष्ठांना टाकून देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रारीची वाट विचारायला ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा विनामूल्य क्रमांक आहे. सांभाळणाऱ्यालाच रडू आवरेनासं झालं तर ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं.

‘अस्तु’ या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे चालत निघून जातात. मच्छीमार नगरात हत्ती नाही, पण एका बाजूला खाडीचं पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला कॅप्टन प्रकाश पेठे मार्गावरची गाड्यांची धार. वाट चुकणाऱ्या माणसाच्या पोलक्याच्या किंवा सदऱ्याच्या आत कापडावर फोन नंबर शिवावा, कारण चिठ्ठी धुण्यात जाते. ताजा फोटो मोबाइलमध्ये असावा. हरवली तर ‘चोवीस तास थांबा’ असा कुठलाही नियम नाही, लगेच ११२ ला फोन करावा आणि पोलीस ठाण्यात नोंद करावी. त्याआधी मात्र गल्लीला ठाऊक असलेलं बरं. किराणावाला, शेवटच्या घरातली पोरं, जेट्टीवर जाळी सुकवणारे, यांना सांगून ठेवावं की आय एकटी दिसली तर थांबवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री किनाऱ्यावर उतरलेल्या अनोळखी तरुणांना हटकणारी ही वस्ती आहे. इथली नजर तीक्ष्ण आहे, तिला फक्त कारण सांगायचं. लाजेखातर आजार लपवला तर हीच नजर निकामी होते.

घरात दिवस कसा काढायचा? वाद घालू नये. ‘आई जाऊन तीस वर्षं झाली’ असं सांगितलं तर ती दर वेळी नव्याने रडते. त्याऐवजी ‘आई काय करायची गं?’ विचारावं, ती बोलू लागते. हातांची ओळख स्मरणापेक्षा उशिरा जाते. नातवाचं नाव न आठवणारा म्हातारा फाटक्या जाळ्याचा तुकडा हातात दिला तर गाठ बरोबर मारतो. बाईला लसूण सोलायला द्यावी, सोडे निवडायला द्यावेत. काम वाकडं झालं तर झालं. सुरी, कोयता नजरेआड, गॅसचा रेग्युलेटर जाताना बंद.

आता मूळ प्रश्न, सुनेच्या सकाळचा. त्याचं उत्तर गोव्यात बऱ्याच अंशी सापडलेलं आहे. ‘संगत’ संस्थेच्या आणि सहकाऱ्यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८१ कुटुंबं होती. त्यातल्या निम्म्यांच्या घरी थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या सहा महिने जात राहिल्या. आजार समजावणं, वागणुकीतल्या अडचणींवर सल्ला, सरकारी योजनांचा अर्ज भरून देणं, गरजेला डॉक्टरशी गाठ घालणं, एवढंच काम. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजण्याइतका कमी झाला. महागडं यंत्र नाही, नवी इमारत नाही. मुंबईत आरोग्य सेविका आधीच घरोघर फिरतात. त्यांना हे शिकवायचं आणि या कामाचे वेगळे पैसे द्यायचे, म्हणजे अर्धा आराखडा झाला. फुकटात आणखी एक फॉर्म त्यांच्या माथी मारण्याला आराखडा म्हणत नाहीत.

उरलेला अर्धा म्हणजे दिवसभर सांभाळणारी जागा. ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही, पण ती पत्ते आणि पेपर वाचणाऱ्या धडधाकट म्हाताऱ्यांसाठी. वाट चुकणाऱ्यांना तिथे जागा नसते. मच्छीमार नगराची गरज आठ-दहा माणसं बसतील अशा एका खोलीची आहे, दोन प्रशिक्षित बायकांची आणि पहाटे उघडणाऱ्या दाराची. दहा वाजता उघडणारं केंद्र डॉकवर जाणाऱ्या बाईच्या काय कामाचं?

हे मागायचं कुठे? पालिकेचं ‘ए’ विभाग कार्यालय फोर्टात शहीद भगतसिंग मार्गावर आहे. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या नावे मच्छीमार सोसायटीच्या आणि महिला मंडळाच्या शिक्क्यानिशी एक अर्ज द्यावा. सीबॅकमध्ये स्मरणाच्या प्रश्नाला ‘होय’ आलेल्यांची वॉर्डातली संख्या विचारावी, त्यांपैकी किती जणांना पुढे तपासणीला पाठवलं ते विचारावं, आणि पहाटेपासून चालणाऱ्या दिवसकेंद्राची मागणी करावी. लेखी उत्तर आलं नाही तर हेच प्रश्न दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात घालावेत. प्रत आमदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, आणि पोच न विसरता घ्यावी. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, त्या आठवड्यात अधिकारी आणि पत्रकार दोघेही या विषयावर ऐकायला तयार असतात. अर्ज त्याच्या महिनाभर आधी, नारळी पौर्णिमेच्या सुमारास पडलेला बरा.